विश्लेषण : बोटांवर गाठी, अंगठ्यात कळ... हातांच्या संधिवातासाठी ‘बोन स्कॅन’ करावा का?

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ परिसरात फेब्रुवारी उजाडला की हळद काढणीची लगबग सुरू होते. कंद खणणे, माती झटकणे, गड्ड्यापासून हळकुंडे मोडून वेगळी करणे, शिजवलेली हळद उन्हात पसरवणे, अशी बरीच कामे हातांनीच होतात. त्याआधी कापसाची वेचणी झालेली असते, सोयाबीनची कापणी झालेली असते. हिंगोली जिल्ह्यात या कामांचा मोठा भार महिलांच्या हातांवर असतो. पन्नाशी ओलांडलेल्या अनेक जणींची तक्रारही सारखीच असते. बोटांच्या टोकाजवळचे सांधे जाड झाले, अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, धुणे पिळता येत नाही, डब्याचे झाकण उघडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर एक्स-रे होतो, रक्त तपासले जाते. कधी कुणी नातेवाईक सुचवतो, कधी मोबाइलवर वाचलेले असते, ‘एकदा बोन स्कॅन करून घ्या, सगळे कळेल.’ पण ही तपासणी म्हणजे मोठ्या शहराची फेरी, सोबत एक माणूस, दोघांचा दिवसभराचा खाडा आणि काही हजार रुपयांचा खर्च. एवढे करून हातांच्या दुखण्याबाबत नेमके काय कळते? आणि जे कळते त्याने उपचार बदलतात का?

हातांचा हा आजार नेमका कोणता?

आपल्याकडे सांध्यांच्या प्रत्येक दुखण्याला ‘वात’ म्हटले जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र त्यात दोन वेगळे आजार आहेत. पहिला ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. दुसरा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, ज्याला बोलीत आमवात म्हणतात. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. वेळेत औषधे सुरू झाली नाहीत, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

झिजेच्या संधिवातात सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, पातळ होत जाते. पण ही नुसती झीज नसते. कूर्चेखालचे हाड टणक होते, कडेने नवे हाड वाढून काटे तयार होतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला अधूनमधून सूजही येते. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यावर येणाऱ्या टणक गाठींना ‘हेबर्डनच्या गाठी’ म्हणतात. अठराव्या शतकातील इंग्लिश वैद्य विल्यम हेबर्डन यांनी त्यांचे वर्णन केले होते. मधल्या सांध्यावरच्या गाठींना ‘बुशार्डच्या गाठी’ असे नाव आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा महिलांमध्ये, त्यातही पाळी थांबण्याच्या वयानंतर जास्त दिसतो. आई, मावशी, मोठी बहीण यांच्या बोटांवर अशाच गाठी असतील, तर शक्यता वाढते. म्हणजे सगळा दोष शेतकामाचा नसतो. मात्र अंगठ्यावर सतत जोर पडला की आधीच नाजूक झालेला सांधा अधिक दुखतो.

महाराष्ट्रात हा त्रास किती जणांना?

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा ती भाग होती. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास, तर आमवात साधारण अर्ध्या टक्का लोकांमध्ये आढळला.

हे आकडे गुडघ्यासह सगळ्या सांध्यांचे आहेत, फक्त हातांचे नाहीत आणि हिंगोलीचेही नाहीत. तरी त्यातून एक प्रमाण लक्षात येते. ग्रामीण महाराष्ट्रात झिजेचा संधिवात आमवातापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण ज्या थोड्यांना आमवात असतो, त्यांच्या बाबतीत निदान चुकले तर किंमत मोठी असते. त्यामुळे हातांच्या दुखण्यात पहिला प्रश्न ‘झीज किती?’ हा नसून ‘हे झिजेचेच आहे ना?’ हा असतो.

बोन स्कॅन म्हणजे काय?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. गावातील शिबिरात टाचेला यंत्र लावून किंवा शहरातील केंद्रात झोपवून हाडांची घनता मोजतात, त्यालाही अनेक जण बोन स्कॅन म्हणतात. ती हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहण्याची तपासणी असते. बोटांच्या संधिवाताशी तिचा थेट संबंध नाही.

खरा बोन स्कॅन हा अणुवैद्यक, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो. शिरेतून टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा दिली जाते. हे द्रव्य एमडीपी नावाच्या फॉस्फेट वर्गातील संयुगाला जोडलेले असते. रक्तातून फिरत ते हाडांपर्यंत पोहोचते आणि जिथे नवे हाड तयार होत असते, तिथे जास्त प्रमाणात चिकटते. त्यातून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. जिथे हाडाची हालचाल जोरात, तो भाग पडद्यावर गडद दिसतो. डॉक्टरांच्या भाषेत तो सांधा ‘हॉट’ असतो.

एक्स-रे आणि बोन स्कॅनमधला फरक शेताच्या उदाहरणाने समजेल. पूर ओसरल्यावर बांध किती फुटला हे पाहणे म्हणजे एक्स-रे. पाणी आत्ता कुठून शिरते आहे हे पाहणे म्हणजे बोन स्कॅन. एक्स-रे झालेले नुकसान दाखवतो, स्कॅन चालू असलेली घडामोड दाखवतो.

ही कल्पना आली कुठून?

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीत सापडले. १९५० च्या दशकात अमेरिकेत हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा विकसित केला. टेक्नेशियमला फॉस्फेट संयुग जोडून हाडांचे चित्र घेण्याची पद्धत गोपाल सुब्रमण्यम आणि जॉन मॅकॅफी यांनी १९७१ मध्ये मांडली. आजचा बोन स्कॅन त्याच कामावर उभा आहे. भारतात अणुवैद्यकाची पायाभरणी मुंबईत झाली. अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये परळ येथे सुरू झाले.

हातांच्या झिजेच्या संधिवातासाठी या तपासणीचा बारकाईने अभ्यास १९८० च्या दशकात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. हटन, डिएप आणि सहकाऱ्यांनी बोटांवर गाठी असलेल्या रुग्णांचे एक्स-रे आणि इंजेक्शननंतर चार तासांनी घेतलेले स्कॅन शेजारी ठेवून पाहिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली, दोन्ही चित्रे नेहमी जुळत नव्हती. एक्स-रेवर ठीक दिसणारे काही सांधे स्कॅनवर गडद होते. उलट एक्स-रेवर पार बिघडलेले काही सांधे स्कॅनवर शांत होते. म्हणजे त्या सांध्यातील घडामोड बहुधा थांबली होती. दुसरी, रुग्णांवर पुढे लक्ष ठेवले तेव्हा स्कॅनवर गडद असलेल्या सांध्यांतच एक्स-रेवरचे बदल होण्याची शक्यता जास्त दिसली. याच गटाने १९९३ मध्ये गुडघ्याबाबतही असाच निष्कर्ष मांडला.

या संशोधनामुळे आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. हातांचा संधिवात म्हणजे वयाबरोबर एका गतीने होणारी झीज, ही समजूत मागे पडली. एकेक सांधा काही काळ धगधगतो, बदलतो आणि मग शांत होतो. म्हणूनच अनेक जणींच्या बोटांच्या गाठी काही वर्षे ठणकतात आणि नंतर गाठ तशीच राहून दुखणे मात्र कमी होते.

मग प्रत्येकाने स्कॅन का करू नये?

स्कॅन इतके सांगत असेल तर तो सर्वांनाच का सुचवला जात नाही? याची कारणे चार आहेत.

एक, स्कॅन संवेदनशील आहे, पण नेमका नाही. सांधा गडद दिसला म्हणजे तिथे हाडाची घडामोड वाढली आहे, एवढेच कळते. ती झिजेमुळे, आमवातामुळे, सोरायसिसच्या संधिवातामुळे, जंतुसंसर्गामुळे की जुन्या मुक्या मारामुळे, हे केवळ गडदपणावरून ठरत नाही. कोणते सांधे गडद आहेत यावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज हात तपासूनही बांधता येतो.

दोन, चित्र तितके रेखीव नसते. एका हातात २७ हाडे असतात आणि त्यांचे सांधे अगदी जवळजवळ. साध्या स्कॅनवर मनगटाजवळचा नेमका कोणता सांधा गडद आहे, हे ओळखणे अवघड जाते. स्पेक्ट-सीटी या जोडयंत्रणेत स्कॅनवर सीटीचे चित्र बसवता येते, त्यामुळे जागा नीट कळते. पण खर्च आणि किरणोत्सर्गही वाढतो.

तीन, गडदपणा आणि वेदना यांचे गणित सरळ नाही. शांत दिसणारा सांधा दुखू शकतो आणि गडद सांधा फारसा दुखत नाही, असेही होते.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. हातांची झीज थांबवणारे, सर्वमान्य झालेले औषध अजून नाही. कोणता सांधा पुढे बिघडेल हे आधी कळले, तरी त्याला थोपवण्याचा खात्रीचा उपाय डॉक्टरांच्या हाती नाही. स्कॅन गडद आला काय किंवा शांत आला काय, मलम, व्यायाम, पट्टा आणि गरजेपुरती वेदनाशामके हाच उपचार राहतो. म्हणून हा स्कॅन संशोधनात मोलाचा ठरला, पण रोजच्या दवाखान्यात रुळला नाही.

निदान मग कसे होते?

बहुतेक वेळा बोलून आणि हात तपासून. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१७ मध्ये सांगितल्यानुसार, लक्षणे ठरावीक पद्धतीची असतील तर झिजेच्या संधिवाताच्या निदानासाठी कोणत्याही चित्रतपासणीची सक्ती नाही. शंका असेल तर आधी साधा एक्स-रे, असा क्रम आहे. रक्ततपासणी ही झीज सिद्ध करण्यासाठी नसते, दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी असते.

घरच्या घरी लक्षात ठेवण्यासारखा फरक असा :

झिजेचा संधिवात असेल तर साधारणपणे बोटांच्या टोकाजवळचे, मधले सांधे आणि अंगठ्याचे बूड दुखते. गाठ टणक लागते. सकाळी आखडलेले हात अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. काम केल्यावर दुखणे वाढते, विश्रांतीने कमी होते.

आमवात असेल तर बोटे जिथे तळहाताला जोडली जातात ते सांधे आणि मनगटे सुजतात, बहुधा दोन्ही हातांची. सूज मऊ, गरम लागते. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. थकवा, बारीक ताप, वजन घटणे अशी लक्षणे सोबत असू शकतात.

दुसऱ्या प्रकारची लक्षणे असतील तर थांबू नये. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञ किंवा फिजिशियनना दाखवणे गरजेचे आहे. नखांवर खळगे किंवा अंगावर खपल्या असतील तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. ताप येऊन गेल्यानंतर हात-पाय आखडले असतील तर चिकुनगुनियाचा विचार करावा लागतो. या प्रश्नांची उत्तरे बोन स्कॅनपेक्षा लक्षणांचा इतिहास, रक्ततपासणी आणि गरजेनुसार सोनोग्राफीतून लवकर मिळतात.

सांध्याच्या अस्तराची सूज पाहायची असेल तर आज सोनोग्राफी किंवा एमआरआय केली जाते. दोन्हींत किरणोत्सर्ग नाही. बोन स्कॅन मागे पडण्याचे हेही एक कारण आहे.

हातांसाठी बोन स्कॅन खरोखर कधी लागतो?

काही प्रसंगी डॉक्टर तो विचारपूर्वक सुचवतात. पडल्यानंतर मनगट दुखते आहे पण एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही आणि एमआरआयची सोय नाही. हाडात जंतुसंसर्गाची शंका आहे. मनगटाचे हाड मोडून प्लास्टर निघाल्यावर हात सुजलेला, लालसर, स्पर्शही सहन न होणारा झाला आहे. अशा दुखण्यात तीन टप्प्यांचा स्कॅन निदानाला मदत करू शकतो. शरीरात एकाच वेळी अनेक ठिकाणी, कारण न सापडणारे हाडांचे दुखणे असेल तेव्हाही तो केला जातो.

सर्वाधिक बोन स्कॅन मात्र कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहण्यासाठी होतात. इथेच एक घबराट टाळता येण्यासारखी आहे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एखाद्या महिलेच्या अहवालात हातांच्या लहान सांध्यांत ‘इन्क्रीज्ड अपटेक’ असे लिहून येते. मोबाइलवर आलेला अहवाल घरचे वाचतात आणि कर्करोग बोटांपर्यंत पोहोचला, असे समजून हादरतात. प्रत्यक्षात हातांच्या हाडांत कर्करोग पसरणे अत्यंत दुर्मीळ आहे. त्या वयात बोटांच्या आणि अंगठ्याच्या सांध्यांवर दिसणारे डाग बहुतेक वेळा झिजेचेच असतात. ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ हे शब्द झिजेसाठीच वापरले जातात. तरीही अहवालाचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

तपासणीच्या दिवशी काय होते?

उपाशी राहावे लागत नाही. शिरेत इंजेक्शन दिल्यावर द्रव्य हाडांत मुरण्यासाठी साधारण दोन ते चार तास थांबावे लागते. या काळात भरपूर पाणी प्यायला आणि वारंवार लघवीला जायला सांगतात, कारण हाडांत न चिकटलेले द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते. तीन टप्प्यांचा स्कॅन असेल तर इंजेक्शन देतानाच आणि त्यानंतर काही मिनिटांनीही चित्रे घेतली जातात.

हातांच्या स्कॅनमध्ये दोन साध्या गोष्टींनी चित्र बिघडू शकते. बांगड्या, अंगठ्या, कडे, घड्याळ काढून ठेवावे, नाहीतर त्यांची सावली चित्रात येते. आणि लघवीनंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बोटांवर लघवीचा थेंब राहिला तरी त्यातील द्रव्यामुळे पडद्यावर खोटा डाग दिसू शकतो.

इंजेक्शन कोणत्या हाताला दिले हेही नोंदवले जाते. सुई टोचलेल्या जागी औषध थोडे बाहेर आले तर तिथे डाग दिसतो. म्हणून जो हात जास्त दुखतो, तो आधीच सांगावा.

किरणोत्सर्गाचा धोका किती?

टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल सहा तासांचा आहे. दर सहा तासांनी त्याची सक्रियता निम्मी होते. २४ तासांत ती सोळाव्या हिश्शावर येते. लघवीवाटे जाणारा भाग धरला तर त्याहूनही कमी उरते.

पूर्ण बोन स्कॅनमधून शरीराला साधारण तीन ते पाच मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात नैसर्गिकपणे मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे एका स्कॅनमधून एक-दोन वर्षांचा नैसर्गिक वाटा मिळतो. गरज असेल तेव्हा हा धोका स्वीकारण्याजोगा मानला जातो. पण हाताच्या साध्या एक्स-रेत हे प्रमाण एका मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. नुसत्या कुतूहलापोटी एवढी तफावत ओलांडण्यात अर्थ नाही.

गर्भवतींमध्ये ही तपासणी शक्यतो टाळतात. दिवस गेल्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधीच सांगणे आवश्यक आहे. घरात तान्हे मूल असेल तर त्या दिवशी फार वेळ कडेवर घेऊ नये, असा सल्ला दिला जातो.

ही सोय तालुक्याच्या ठिकाणी का नसते?

यामागे द्रव्याचा स्वभाव आहे. सहा तासांत निम्मे होणारे औषध साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयांत मॉलिब्डेनम-९९ भरलेले छोटे जनित्र आणतात. मॉलिब्डेनमचे रूपांतर होत टेक्नेशियम तयार होते आणि तंत्रज्ञ ते रोज काढून घेतात. जगभरच्या अणुवैद्यक विभागांत या जनित्राला गमतीने ‘गाय’ आणि या कामाला ‘दूध काढणे’ म्हणतात. पण ही गायही लवकर आटते. मॉलिब्डेनमचा अर्धायुकाल ६६ तासांचा असल्याने आठवडाभरात जनित्र बदलावे लागते.

त्यात गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित तज्ज्ञ, सुरक्षित खोल्या आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. रोज पुरेसे रुग्ण असतील तिथेच हे परवडते. त्यामुळे ही सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटली आहे. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हातांच्या दुखण्यासाठी लागणारी पहिली पायरी, म्हणजे डॉक्टरांची तपासणी, एक्स-रे आणि साधे रक्त अहवाल, ही कामे जिल्ह्यातच होऊ शकतात. बहुतेक रुग्णांचे निदान या पायरीवरच पूर्ण होते.

उपचारांत काय करता येते?

युलारच्या २०१८ च्या शिफारशींत औषधांआधी शिकवण आणि सवयींना स्थान आहे. हातांचे ठरावीक व्यायाम, अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा पट्टा आणि जोर वाचवणारी साधने यांनी फरक पडतो. खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड केली की अंगठ्यावरचा ताण कमी होतो. धुणे पिळण्याऐवजी दाबून निथळू द्यावे. बादली दोन बोटांवर न उचलता पूर्ण तळहाताने उचलावी. एकच काम तासन्‌तास न करता मधे बदलावे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडझाप केल्यास आखडलेपणा कमी होतो.

औषधांत पहिली पसंती वेदनाशामक मलमाला आहे. हातांचे सांधे कातडीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे मलमाचा उपयोग होतो आणि पोटातल्या गोळ्यांच्या मानाने धोका कमी. गोळ्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्याव्यात. काढणीच्या हंगामात दुकानातून परस्पर गोळ्या आणून रोज घेणे हा खरा धोका आहे. उन्हात घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. जठरात व्रणही होऊ शकतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी विशेष जपावे. नाव नसलेल्या पुड्या आणि ‘ताकदीची’ इंजेक्शने यांत स्टिरॉइड असू शकते. दोन दिवस आराम पडतो आणि पुढे साखर, हाडे, प्रतिकारशक्ती यांचे नुकसान होते.

आणि घरची हळद? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे तिच्या औषधी गुणांची चर्चाही वाढली. हळदीतील कर्क्युमिनवर गुडघ्याच्या झिजेबाबत काही लहान चाचण्या झाल्या असून काहींत वेदना थोडी कमी झाल्याचे दिसले. हातांच्या झिजेसाठी तसा भक्कम पुरावा नाही. जेवणातील हळद चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढे चित्र बदलू शकते का?

शक्यता आहे. अलीकडच्या चाचण्यांत सर्व रुग्णांना एकाच मापाने न मोजता सूज असलेले, वेगाने बिघडणारे सांधे वेगळे काढले जात आहेत. ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा हातांच्या झिजेत उपयोग दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील २०२३ च्या चाचणीत मात्र सांध्यात सूज असलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेटने सहा महिन्यांत काही प्रमाणात आराम मिळाला. बेल्जियममध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडे पोखरणाऱ्या तीव्र प्रकारात डेनोसुमॅब या इंजेक्शनाने हाडांची हानी कमी झाल्याचे आढळले.

हे उपचार अजून नेहमीच्या वापरात आलेले नाहीत आणि ते स्वतःहून घेण्याची चूक कुणी करू नये. पण असे औषध उद्या सिद्ध झाले तर ‘कोणता सांधा आत्ता धगधगतो आहे?’ या प्रश्नाला महत्त्व येईल. तेव्हा बोन स्कॅन, एमआरआय किंवा सोनोग्राफी यांपैकी एखाद्या तपासणीने औषध कुणाला द्यायचे, हे ठरवता येईल. ब्रिस्टलमध्ये चाळीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न त्या अर्थाने अजून संपलेला नाही.

तोपर्यंत काय करावे?

बोन स्कॅनचा सल्ला मिळाला तर डॉक्टरांना मोकळेपणाने तीन प्रश्न विचारावेत. या स्कॅनमधून कोणत्या आजाराची शंका दूर करायची आहे? एक्स-रे, रक्ततपासणी किंवा सोनोग्राफीने ते कळणार नाही का? आणि स्कॅन असा आला किंवा तसा आला, तर माझ्या उपचारात काय बदल होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले, म्हणजे फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा न उलगडणारे दुखणे असे ठोस कारण असेल, तर भाडे खर्चून शहर गाठणे योग्यच आहे. उत्तर ‘काहीच बदलणार नाही’ असे असेल, तर तेच पैसे अंगठ्याचा पट्टा, मलम आणि फिजिओथेरपीच्या दोन-चार फेऱ्यांवर खर्च केलेले हातांच्या अधिक उपयोगी पडतील. मात्र सूज मऊ आणि गरम असेल, सकाळी तासभर बोटे वळत नसतील, तर हळद निघेपर्यंत वाट पाहू नये. ते दुखणे झिजेचे नसण्याची शक्यता असते आणि त्यात गेलेला वेळ सांध्यांना परत मिळत नाही.